पन्नास किलोंचं भांडवल

डेक्कन क्वीन मुंबईहून सुटते आणि सव्वातीन तासांनी पुण्याला पोचते. तेवढ्या वेळात जगात साडेतीनशेहून अधिक माणसांना जठराचा कॅन्सर झाल्याचं निदान होतं, आणि जवळपास अडीचशे माणसं त्याच आजारानं जातात. एका गाडीचा एक प्रवास! घाट चढेपर्यंत, कर्जतचा वडा खाऊन हात पुसेपर्यंत, दर ३२-३३ सेकंदांना एक नवा रुग्ण.

आता वर्षाचा हिशेब मांडू. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आणि ६ लाख ६० हजार मृत्यू. वानखेडे स्टेडियममध्ये ३३ हजार माणसं बसतात. ते एकदा भरा, रिकामं करा, पुन्हा भरा, असं वीस वेळा केलं की मृत्यूंचा आकडा होतो. आणि नवे रुग्ण? त्यांना सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये बसवू. एका गाडीत १,१२८ आसनं. गाड्या लागतील ८५८. एकेक गाडी ३८४ मीटर लांब. एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड लावून सगळ्या उभ्या केल्या तर मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा रूळ ठासून भरेल. तरी गाड्या उरतील. त्या परतीच्या रुळावर उभ्या करत या. लोणावळा भरेल, कर्जत भरेल, आणि शेवटची गाडी कल्याणला येऊन थांबेल. ही एका वर्षाची रांग. पुढच्या वर्षी नवी.

भारताचा वाटा साधारण ६० हजारांचा. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ माणसं, चार एसटी भरून. देशात या आजाराचं सर्वाधिक प्रमाण मिझोरममध्ये आढळतं. तिथे धुरावलेलं, खारवलेलं मांस खाल्लं जातं आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं ‘तुईबुर’ तोंडात धरलं जातं.

या आजारावर पूर्ण बरं होण्याचा मुख्य मार्ग आजही शस्त्रक्रियेतूनच जातो. जठराचा काही भाग काढायचा किंवा जठर पूर्णच काढायचं. मग आधी हे बघू, की काढतात ते नेमकं केवढं आहे.

हाताच्या ओंजळीएवढी पिशवी, पण तिचा कारभार ऐका. जठर रोज साधारण दोन लिटर रस तयार करतं. वर्षाला ७३० लिटर. साठ वर्षांत जवळपास ४४ हजार लिटर! गावातली दहा फूट व्यासाची विहीर डोळ्यांपुढे आणा. तिच्यात वीस फूट पाणी चढेल, एवढा रस एका माणसाच्या एका जठरानं आयुष्यभरात गाळलेला असतो. उन्हाळ्यात दुष्काळी वाडीवर येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर घेतला तर चार टँकर भरून वर उरेल. आणि तो रस म्हणजे काही साधं पाणी नव्हे. रक्तातल्या आम्लाचं प्रमाण एक रुपया धरलं तर या रसातलं आम्ल पंचवीस लाख रुपयांच्या घरात जातं. हे आम्ल बनवणाऱ्या पेशी किती? सुमारे शंभर कोटी. देशाच्या लोकसंख्येशी बरोबरी सांगणारी कामकऱ्यांची वस्ती एका ओंजळीत राबत असते. जठर पूर्ण काढलं, की ही सारी वस्ती एका दुपारी उठते.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात या शस्त्रक्रियेला हात घालणं म्हणजे जिवावरचं धाडस होतं. १८७९ मध्ये पॅरिसला पेआँ यांनी प्रयत्न केला, रुग्ण पाचव्या दिवशी गेला. १८८० मध्ये रिडिगिएर यांनी केला, रुग्ण बारा तासांत गेला. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका बाईच्या जठराचा कॅन्सरग्रस्त भाग काढला आणि ती वाचली. पुढे चार महिन्यांनी आजार उलटून ती गेली, पण शस्त्रक्रियेतून माणूस जिवंत बाहेर येऊ शकतो हे ठरलं. सप्टेंबर १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटर यांनी ५६ वर्षांच्या एका रेशीम विणणाऱ्या बाईचं जठर पूर्ण काढलं. ती त्यानंतर जवळपास चौदा महिने जगली. जठराशिवाय!

आज जठर काढल्यावर लहान आतड्याचं टोक वर ओढून अन्ननलिकेला जोडतात. हा जोड साधारण इंचभर व्यासाचा असतो, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. त्याचा घेर मोजला तर ७८ मिलिमीटर, आपल्या मधल्या बोटाच्या लांबीइतका. आता या नाण्यातून काय काय जायचंय ते पाहा. अन्न, पाणी, लाळ मिळून दिवसाला चारेक किलोंचा माल. वर्षाला जवळपास दीड टन. दीड टन माल, रुपयाएवढ्या भोकातून! आणि हा जोड धरला नाही, थोडा जरी उसवला, तरी आतलं अन्न-पाणी छाती-पोटात पाझरतं आणि रुग्ण पुन्हा टेबलावर किंवा अतिदक्षता विभागात जातो.

जोड धरतो कशानं? सर्जनच्या हातानं, टाक्यांनी, स्टेपलच्या पिनांनी. हे पहिल्या दिवसाचं झालं. पुढचं काम शरीरानं करायचं असतं. उदाहरणार्थ, कातडीची शिवलेली जखम एका आठवड्यानंतर मूळ ताकदीच्या जेमतेम ३ टक्क्यांवर असते. तीन आठवड्यांनी वीस-तीस टक्के. तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. शंभर मजूर लागणाऱ्या धरणावर पहिल्या आठवड्यात तीनच मजूर हजर! ही सगळी भर पडते ती प्रथिनांतून. ती येणार कुठून? रुग्णाच्या तोंडात तेव्हा पाण्याचे घोट जात असतात. मग ती येतात शिल्लकीतून. आणि इथेच वजनकाटा मध्ये येतो.

किलोंमधलं वजन घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. हा हिशेब १८३२ मध्ये बेल्जियमच्या केटले यांनी मांडला, आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे नाव दिलं. हा आकडा १८.५ च्या खाली गेला की माणूस कमी वजनाचा. म्हणजे पाच फूट पाच इंच, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी रेघ आहे ५०.४ किलोंवर. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ४१.६ किलोंवर. रेघेच्या या बाजूला आणि त्या बाजूला काय फरक पडतो?

१९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या हिराम स्टडली यांनी जठर-आतड्याच्या जुनाट व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण तपासले. तो पेनिसिलिन येण्याआधीचा काळ, अमेरिकेतली पहिली रक्तपेढीही तेव्हा उघडायची होती. त्यांनी वय पाहिलं, हृदय पाहिलं, शस्त्रक्रियेचा प्रकार पाहिला. शेवटी उत्तर सापडलं ते एका साध्या आकड्यात. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून कमी घटलं होतं अशा २८ जणांपैकी १ दगावला. ज्यांचं त्याहून जास्त घटलं होतं अशा १८ जणांपैकी ६ दगावले. साडेतीन टक्के विरुद्ध तेहतीस टक्के. नऊ पटींहून जास्त! वंदे भारतच्या एका डब्यात ७८ खुर्च्या असतात. पहिल्या डब्यातल्या तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या, तर दुसऱ्यातल्या सव्वीस. डबा तोच, गाडी तीच, चालक तोच. प्रवासी चढताना काट्यावर किती भरला, एवढाच फरक.

आज काळ पार बदललाय. जपानमधल्या ५२३ रुग्णांच्या एका नावाजलेल्या चाचणीत जठराच्या कॅन्सरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू एक टक्क्याच्याही खाली, ०.८ टक्क्यांवर राहिले. केवढी झेप! पण कमी वजनाच्या माणसाचं पारडं आजही हलकंच राहतं. जपान, कोरिया, चीन, अमेरिका इथल्या पाहण्यांमधून पुन्हा पुन्हा तोच सूर निघतो: कमी वजनाचे रुग्ण दूरच्या पल्ल्यात कमी जगतात, आणि बऱ्याच ठिकाणी जखम चिघळणं, जोड गळणं, छातीत कफ साठून न्यूमोनिया होणं हेही त्यांच्यातच जास्त दिसतं. फार जाड माणसाची शस्त्रक्रिया सर्जनला अवघड जाते, हेही खरं. पण चार किलो जास्त असलेला माणूस पुढच्या वर्षांत चार किलो कमी असलेल्यापेक्षा बहुधा बरा निभावतो.

का निभावतो? चला, त्याचं पासबुक उघडू.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. विजेच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ नऊ युनिट. महावितरणच्या मीटरवरचे नऊ युनिट, एका किलोत! किंवा असं बघा: स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चढण्याच्या कामी लावतात, असं धरलं तरी तेवढ्या चरबीवर पन्नास किलोंचा माणूस समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या शिखराइतकी, म्हणजे १,६४६ मीटर उंची दहा वेळा चढेल. एका किलोवर दहा कळसूबाई. आता दोन माणसं शेजारी उभी करा. एक सत्तर किलोंचा, अंगात चौदा किलो चरबी. त्याची शिल्लक १ लाख ७ हजार ८०० कॅलरी, विजेचे १२५ युनिट. दुसरा पंचेचाळीस किलोंचा, अंगात जेमतेम चार किलो. त्याची शिल्लक ३० हजार ८००, म्हणजे ३६ युनिट. दोघांचाही रोजचा खर्च दीड हजार कॅलरी धरला आणि बाहेरून काहीच आलं नाही, तर पहिल्याची शिल्लक ७२ दिवस पुरते. दुसऱ्याची एकविसाव्या दिवशी संपते.

खरी कसोटी तर चरबीच्या पुढे आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीर केवळ चरबी जाळून थांबत नाही, ते स्नायू मोडून खातं. लघवीतून रोज दहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त नायट्रोजन जाऊ शकतो. दहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर वाटतो ना? एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिनं, आणि तेवढी प्रथिनं म्हणजे तीसेक ग्रॅम मांस. म्हणजे दहा ग्रॅम नायट्रोजन हा अंगावरच्या ३०० ग्रॅम स्नायूंचा हिशेब आहे. एका दिवसाचा! दहा दिवसांत तीन किलो. मांडीतून, दंडातून, आणि बरगड्यांमधूनही. माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो, मिनिटाला पंधरा. हे सारे श्वास स्नायूच ओढतात. खोकून कफ बाहेर टाकतात तेही स्नायूच. ते झिजले की कफ आत राहतो, आणि कमी वजनाच्या माणसाला न्यूमोनिया गाठतो. म्हणूनच आता पोटाचा सीटी स्कॅन पाहताना डॉक्टर फक्त गाठ पाहत नाहीत. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या एका चकतीत स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात, आणि त्या एका चकतीवरून साऱ्या अंगाच्या स्नायूंचा अंदाज बांधतात.

धडधाकट माणसाचंही भुकेपुढे काय होतं, हे याच अँसेल कीज यांनी दाखवून ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांनी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनं ठेवून घेतले. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी दिल्या. पाच वडापावांएवढ्या. वजन सरासरी ६९ किलोंवरून ५३ च्या आसपास आलं, जवळपास चौथा हिस्सा गेला. आणि परत भरून काढायला? दिवसाला चार-चार हजार कॅलरी आणि कित्येक महिने. ते तरुण होते, जठर शाबूत होतं, भूक कडकडून लागत होती. आपल्या रुग्णाकडे यातलं काय असतं?

भूकसुद्धा नसते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. भूक लागल्याची हाक मेंदूपर्यंत पोचवणारं हे संप्रेरक बहुतांश जठराच्या वरच्या भागात तयार होतं. जठर काढलं की त्याची रक्तातली पातळी झपाट्यानं कोसळते. घरचे ताट पुढे करतात, आणि रुग्ण ‘नको’ म्हणतो. त्याला खरंच नको असतं हो! त्याच्यावर रागावू नका. वर थोडं जास्त खाल्लं तर अन्न थेट आतड्यात कोसळतं, अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर. म्हणून दोन जेवणांच्या जागी दिवसाला सहा ते आठ छोटी खाणी. सहा धरली तरी वर्षाला २,१९० वेळा ताट मांडायचं. दहा वर्षांत २१,९०० वेळा. कुणीतरी स्वयंपाकघरात ती मांडत असतं, तिलाही या मोजणीत धरायला हवं.

एवढं करूनही जठर पूर्ण काढल्यावर पहिल्या वर्षात दहा ते वीस टक्के वजन जातं. साठ किलोंचा माणूस बावन्नवर येतो आणि सावरतो. पण सेहेचाळीसनं सुरुवात करणारा? तो चाळीसच्या खाली उतरतो. आणि नेमकं तेव्हाच पुढच्या औषधांची वेळ येते. जपानमध्ये १,०५९ रुग्णांवर झालेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा: शस्त्रक्रियेनंतर वर्षभर एस-वन हे औषध घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८०.१ टक्के हयात होते, नुसत्या शस्त्रक्रियेवर ठेवलेल्यांपैकी ७०.१ टक्के. दहा टक्के म्हणजे आपल्या १,१२८ आसनांच्या गाडीत ११३ माणसं अधिक. अख्खा डबा आणि वर अर्धा डबा, औषधानं वाचवलेला! पण औषध पुरं घेता आलं तर. कानागावा कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच महिन्यात ज्यांचं वजन १५ टक्के किंवा त्याहून जास्त घटतं, त्यांचं हे औषध मध्येच सुटण्याचा धोका मोठा. पंचावन्न किलोंच्या माणसाचे १५ टक्के म्हणजे सव्वाआठ किलो. घरच्या सिलिंडरमधला अर्ध्याहून जास्त गॅस, तीस दिवसांत अंगावरून गेला! युरोपात दिली जाणारी फ्लॉट नावाची चार औषधांची केमो घ्या. ७१६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ती मिळालेल्यांपैकी शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या करू शकले ते ४६ टक्के. निम्म्याहून कमी. बाकीच्यांपैकी अनेकांच्या पुढे औषध होतं, पण ते सोसायला अंग उरलं नव्हतं.

आणि अजून रक्ताकडे तर आपण वळलोच नाही!

शरीर दिवसाला सुमारे २०० अब्ज लाल पेशी घडवतं. सेकंदाला तेवीस लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेवढ्या पेशी अस्थिमज्जा पन्नास सेकंदांच्या आत बनवून मोकळी होते. एकेक पेशी साडेसात मायक्रॉन रुंद. एका दिवसाच्या पेशी ओळीनं मांडल्या तर १,५०० किलोमीटर! रुळानं मुंबईहून पुण्याला चार वेळा जाऊन चार वेळा परत या, तेवढी माळ. रोज. दहा दिवसांत ती माळ पृथ्वीच्या व्यासाहून लांब होते. या माळेला लोह लागतं, आणि लागतं बी-बारा. बी-बारा शोषायला लागणारा घटक बनवतात जठरातल्या त्याच शंभर कोटी पेशी, ज्या काढून टाकल्या. दिवसाची गरज किती? २.४ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम बी-बारा एका माणसाला १,१४१ वर्षं पुरेल. राष्ट्रकूटांच्या राजवटीत एक ग्रॅम हातात ठेवलं असतं तर ते आज संपत आलं असतं! ऐंशी वर्षांचं आयुष्य काढायला लागतात सुमारे ७० मिलिग्रॅम, तांदळाचे तीन-चार दाणे. पण ते तीन-चार दाणे आत गेले नाहीत तर १,५०० किलोमीटरची माळ तुटते. साठा काही वर्षं पुरतो, म्हणून माणूस गाफील राहतो. जठर पूर्ण काढलेल्यानं बी-बाराचं इंजेक्शन ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायचं असतं.

आता आपल्या देशाचा काटा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष कमी वजनाचे निघाले. नुसत्या स्त्रियांचा आकडा काढला तरी साडेसहा कोटींच्या आसपास जातो, २०११ मधल्या अख्ख्या गुजरातच्या लोकसंख्येहून मोठा. आजार यायच्या आधीच रेघेखाली असलेली एवढी माणसं! त्यातल्या एखादीला पुढे जठराचा कॅन्सर झाला, की महिनोन्‌महिने अन्न उतरत नाही, वांत्या होतात, आणि ती पहिल्यांदा डॉक्टरांपुढे उभी राहते तेव्हा बेचाळीसचे छत्तीस किलो झालेले असतात. पासबुक कोरं करून ती आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खर्चाला सामोरी जाते.

आणि उपाय केवढा म्हणता? तोही मोजू. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: रुग्ण गंभीर कुपोषित असेल तर सात ते चौदा दिवस आधी पोषण द्या, त्यासाठी कॅन्सरची शस्त्रक्रिया तेवढी पुढे ढकलावी लागली तरी चालेल. प्रमाण काय? किलोमागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं. पन्नास किलोंच्या माणसाला पंचाहत्तर ग्रॅम. चार अंड्यांत २४, लिटरभर दुधात ३२, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२, पन्नास ग्रॅम डाळीत ११. झाले ७९! अंडं सात रुपयांना, दूध साठ रुपये लिटर धरा, दाणे-डाळीचे पंधरा-सोळा रुपये. दिवसाचे सुमारे १०४ रुपये. चौदा दिवसांचे साडेचौदाशे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. त्या पाच लाखांत ३४४ रुग्णांचा चौदा दिवसांचा खुराक बसतो. एका कुटुंबाच्या रकमेत वंदे भारतचे जवळपास साडेचार डबे भरतील एवढी माणसं!

ज्याला घास उतरत नाही त्याच्यासाठीही वाट आहे. लहान आतड्यात बारीक नळी सोडून पातळ आहार देतात, तासाला ५० मिलिलिटर, वीस तासांत एक लिटर, हजार कॅलरी. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर दिवसाला वीस हजार थेंब. एक थेंबही चावावा लागत नाही. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो: फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. बीएमआय १६ च्या खाली गेला असेल तर रक्तातलं फॉस्फेट एकाएकी घसरून हृदयावर बेतू शकतं. तिथे सुरुवात किलोमागे दहा कॅलरींवर करतात, चाळीस किलोंच्या माणसाला दिवसाला अवघ्या ४००, आणि मग पायरीपायरीनं वाढवतात. हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखालीच व्हायला हवं.

तर शस्त्रक्रियेनंतरचे ते पहिले दहा दिवस आता एकत्र डोळ्यांपुढे आणा. २ लाख १६ हजार श्वास. पंधरा हजार किलोमीटर लांबीची लाल पेशींची माळ. मोडून खाल्लेले तीन किलो स्नायू. रुपयाच्या नाण्याएवढा एक जोड, ७८ मिलिमीटरचा घेर, अजून पुरता भरून न आलेला. हे सगळं एका माणसाच्या कातडीच्या आत, एका खाटेवर, एका पातळ चादरीखाली चालू असतं. आणि हा सारा अवाढव्य कारखाना कशावर चालतो, तर तो माणूस भूल घेताना अंगावर किती किलो घेऊन आला होता यावर! चार किलो इकडे की चार किलो तिकडे, यावर! साडेचौदाशे रुपयांचं दूध, अंडी, दाणे आणि डाळ वेळेत पोटात गेली होती की नाही, यावर!

म्हणून एवढं करा. घरात कुणाचं वजन काही न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी घटलं असेल, म्हणजे साठ किलोंतले तीन किलो गेले असतील, तर कपडे सैल झाले म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर केसपेपरवर आजचं वजन, सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि उंची हे तीन आकडे लिहिलेत ना, ते बघा. नसतील तर लिहायला सांगा. सर्जनना विचारा, ‘डॉक्टर, आधी आठ-पंधरा दिवस खाण्यावर काम करायचं का? आहारतज्ज्ञांना कधी भेटू?’ आणि घरी परतल्यावर दर आठवड्याला, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्या आणि वहीत लिहा. पहिल्या महिन्यातच ते घसरू लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा.